माणसे वाढवली, काम लांबले
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या गटाचे काम कसे चालवावे, या विषयावर बोलण्यास माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला उभे केलेले पाहून आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांकडून तो लिहवून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि ती पार पाडताना माझ्या हातून मोठी चूक झाली. ती आपणांसमोर मांडावी, एवढाच माझा या विषयातील अधिकार आहे.

२०१० च्या सुमारास आमच्या कार्यालयातील निवृत्तिवेतनाच्या जुन्या नोंदी संगणकावर आणण्याचे ठरले. एका सल्लागार कंपनीचे सहा तरुण आमच्याकडे येऊन बसू लागले. काम ३१ मार्चपर्यंत पुरे होईल, असे आश्वासन मी वरिष्ठांना देऊन टाकले होते. ज्यांनी ते करावयाचे त्या सहा जणांना मात्र मी विचारले नव्हते.

दुसऱ्या महिन्यात त्यांच्यातील एक मुलगी माझ्याकडे आली. जुन्या सेवापुस्तकांत कित्येक ठिकाणी निवृत्तीची व मृत्यूची तारीख एकाच रकान्यात लिहिलेली आहे, त्या नोंदी हाताने तपासल्याखेरीज पुढे जाणे धोक्याचे आहे, त्यासाठी सहा आठवडे अधिक लागतील, असे तिने नम्रपणे सांगितले. मी इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ असे लिहिले आणि विषय मिटवला. वरिष्ठांना कळवण्याचे धैर्य मला झाले नाही.

जानेवारीत काम मागे पडल्याचे उघड झाले, तेव्हा मी सरकारी खाक्याप्रमाणे माणसे मागितली. आठ जण आले. रस्त्यावर खडी पसरावयाची असती, तर सहाचे चौदा झाल्याने काम लवकर उरकले असते. येथे जुने सहा जण नव्या आठांना शिकवण्यात गुंतले आणि होते ते कामही थांबले.

याचे कारण मला पुढे एका पुस्तकात सापडले. आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० या संगणकमालेच्या कार्यप्रणालीचे काम फ्रेडरिक ब्रुक्स यांनी सांभाळले होते. तो अनुभव त्यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात मांडला. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली, तर ते अधिकच रखडते, हा त्यांचा निष्कर्ष आज त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. त्यामागील हिशेब सोपा आहे. सहा जणांनी एकमेकांशी बोलावयाचे म्हटले, तर पंधरा जोड्या होतात. चौदा जणांच्या एक्क्याण्णव. बोलणे वाढते, समजुतीचे घोटाळे वाढतात आणि लिहिण्यास वेळ उरत नाही. गणेशोत्सवाच्या नाटकाला आठ दिवस उरले असता चार नवे नट घेतल्याने तालीम लवकर संपत नाही, हे या मंडळाला मी काय सांगावे!

तारीख पाळण्यासाठी मी तपासणी आखडती घेतली. काम ३१ मार्चला ‘पुरे’ झाले आणि माझे कौतुकही झाले. जून महिन्यात एक वृद्ध बाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन एप्रिलपासून एकाएकी कमी झाले होते. वाढीव दर किती काळ द्यावयाचा, हे पतीच्या मृत्यूच्या तारखेवरून ठरते. संगणकाने त्या रकान्यातील पहिली, म्हणजे निवृत्तीची तारीख घेतली होती. त्या मुलीने दाखवलेली नेमकी तीच चूक! बाई रागावल्या नाहीत. ‘माझेच काही चुकले का?’ एवढेच त्यांनी विचारले. तो प्रश्न आजही माझ्या कानांत आहे.

रक्कम थकबाकीसह दिली गेली. मी त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली आणि पुढच्या कामांत काही पथ्ये पाळली. काम किती टक्के झाले, असे विचारणे मी सोडले; कारण नव्वद टक्के झालेले काम महिनोन्‌महिने नव्वद टक्केच राहते. आता मी विचारतो, ‘काय चालू करून दाखवता येईल?’ दुसरे, संपूर्ण काम एकदम न उघडता लहानसा भाग प्रथम वापरात आणावा. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ साली प्रथम नवी दिल्लीत सुरू झाले आणि नंतर इतर शहरांत पसरले. तिसरे, ज्या कारकुनाच्या हाताखालून त्या फायली गेल्या आहेत, त्याला पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसवावे. आणि चौथे, वाईट बातमी आणणाऱ्याला प्रथम खुर्ची द्यावी.

बंधुभगिनींनो, पोटापाण्यासाठी आपण गाव सोडून इतक्या दूर आलो. आपली मुले याच व्यवसायात शिरून आणखी दूर जात आहेत. त्यांपैकी काहींच्या हाताखाली आज दहा-वीस माणसे आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की तारीख देण्यापूर्वी काम करणाऱ्याला विचारा. आणि जी अजून हाताखाली आहेत, त्यांच्या आईवडिलांना विनंती, की मुलगी रात्री उशिरा घरी येऊन ‘साहेब ऐकत नाहीत’ म्हणाली, तर ‘साहेबांशी वाद घालू नकोस’ असे चटकन सांगू नका. तिला जे दिसले ते तिने लेखी कळवावे, असे सांगा. तिच्या त्या दोन ओळींवर एखाद्या अनोळखी घरची चूल अवलंबून असेल.