रंगाचा पहिला हात

(विहाराच्या वर्धापनदिनी वस्तीतील मुलामुलींच्या चित्रप्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



बाहेर व्हरांड्यात मुलांनी काढलेली चित्रं लावली आहेत. मघाशी एका आजींनी मला विचारलं, "सर, यात झाड कुठं, घर कुठं? पोरानं रंग नासला की काय?" सगळे हसले. पण त्या पोराचा चेहरा पडला. म्हणून ठरवलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि याच प्रश्नावर चार शब्द बोलतो.

माझे वडील इमारतींचं रंगकाम करायचे. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असे. लांबी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, मग अस्तर, मग रंगाचा पहिला हात, दुसरा हात. ते म्हणत, "पहिला वाळल्याशिवाय दुसऱ्याची घाई करू नको." पुढे मी चित्रकला शिकायला गेलो. तिथं माझं काम पाहून एक शिक्षक सर्वांसमोर म्हणाले, "चित्र काढलंस की भिंत रंगवलीस?" वर्ग हसला. त्या दिवसापासून वडील काय करतात हे मी कुणाला सांगितलं नाही. आज मला त्या गप्प बसण्याची लाज वाटते.

माझा न्यूनगंड गेला तो वासुदेव गायतोंडे यांच्याविषयी वाचून. 1924 साली नागपुरात जन्मलेले, 1948 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेले हे थोर चित्रकार. झेन बौद्ध विचारांची त्यांना ओढ होती. त्यांच्या नंतरच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही. रंग, उजेड आणि काही खुणा. आणि हे काम ते रोलर आणि रंगाच्या सुरीनं करत! रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. वर्षाला मोजकीच चित्रं होत. 2001 साली ते गेले. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. रोलर म्हणजे माझ्या बापाचंच हत्यार की!

गायतोंडे तैलरंग वापरत. ते वाळायला कित्येक दिवस लागतात. मुलांना आम्ही ॲक्रिलिक रंग दिले. ते पाण्यात मिसळतात, पातळ थर साधारण अर्ध्या तासात वाळतो आणि एकदा वाळला की पाण्यानं सुटत नाही. भिंतीचा प्लास्टिक पेंटही असाच वाळतो.

आधी पुठ्ठ्याला पांढऱ्या अस्तराचे दोन हात दिले. मग पेन्सिल नाही, आधी ठरवलेलं चित्र नाही. रंग लावायचा आणि तो ओला आहे तोवर जुना कंगवा, झाडूची काडी, बोट, जे हाती येईल त्यानं ओढायचं. हात मनगटातून नाही, खांद्यापासून फिरवायचा. मग थांबायचं. वाळू द्यायचं, चार पावलं मागं जाऊन बघायचं. पुढचा हात पातळ दिला तर खालचं दिसत राहतं. पांढरा मिसळला तर झाकलं जातं. काय ठेवायचं आणि काय झाकायचं, खरी परीक्षा तिथं आहे. मात्र नुसतं पाणी फार घालू नये, रंगाची पकड जाते.

त्या मुलाच्या पुठ्ठ्यावर पहिल्याच दिवशी काळा रंग सांडला. तो फाडायला निघाला होता. मी म्हटलं, वाळू दे. दुसऱ्या दिवशी त्यानं वरून पिवळा दिला आणि कंगवा ओढला. आता त्या पिवळ्यातून काळ्या रेघा डोकावतात. सगळं चित्र त्या सांडलेल्या रंगावर उभं आहे. आजी, जाताना पुन्हा एकदा बघा. यात काय काढलंय हे विचारू नका. खाली काय आहे ते त्याला विचारा. तो सांगेल.

शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीत रंगकाम करणारे बरेच बांधव आहेत. त्यांनी उरलासुरला प्लास्टिक पेंट मुलांना सरावासाठी द्यावा. ऑइल पेंट नको, त्यावर ॲक्रिलिक नीट धरत नाही. आणि नुसता डबा पाठवू नका, स्वतः या. रंगाचा हात कसा मारायचा ते मुलांना दाखवा. तुमच्या पोरांना ते बघू द्या.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम.