मूठभर वाचले, घरभर पुरले

(विश्रामबाग येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी काटकसरीच्या चार गोष्टी बोलणार आहोत. काटकसर हा शब्द काढला की कोणीतरी म्हणतोच, "मास्तर, गरिबाला काटकसर काय शिकवता? त्याचा सारा जन्मच काटकसरीत गेला!" खरे आहे. कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाया आपल्या घराघरांत होऊन गेल्या. त्यांना आम्ही काय शिकवणार? पण त्या जे करत, ते का करत? त्यातले आज काय घ्यावे आणि काय सोडावे? एवढेच आपण बघू.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. काटकसर निराळी, कंजूषपणा निराळा. संध्याकाळी दिवा न लावता अंधारात बसणे, हा कंजूषपणा. काम झाले की दिवा मालवणे, ही काटकसर. कंजूष माणूस गरजेची वस्तूही घेत नाही. काटकसरी माणूस गरजेची वस्तू घेतो, पण घेतलेली वाया घालवत नाही.

आता तुम्ही विचाराल, अशा चिमूट-चिमूट वाचवण्याने काय होते? त्याचे उत्तर आपल्याच मुलखात आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोजला झाला. घराणे आपल्या वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवत. पोरे जमली, पण त्यांना खाऊ काय घालायचे? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. पण दागिने किती दिवस पुरणार? मग मुष्टिफंड निघाला. मुष्टी म्हणजे मूठ. घरच्या बाईने रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची. ती साठली की पोरांच्या वसतिगृहाला द्यायची.

आता हिशोब करा. मूठभर ज्वारी साधारण ४० ग्रॅम भरते. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे ८० ग्रॅम. महिन्याचे झाले २४०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. शंभर उंबऱ्यांच्या गावात महिन्याला २४० किलो! देणाऱ्या घराला ती मूठ जाणवत नाही. पण खाणारी पोरे त्यावर शिकून जातात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते हे असे.

आता स्वयंपाकघरात येऊ.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा हिशोब दिला आहे. त्या एका वर्षात साऱ्या जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. हॉटेले, दुकाने, लग्नकार्ये यांतून जाते, हे तर झालेच. पण दहातले सहा वाटे अन्न घरांतून वाया गेले होते. म्हणजे ताटात टाकलेले, भांड्यात नासलेले, डब्यात किडलेले. तेव्हा अन्न वाचवण्याची पहिली जागा आपली चूल हीच.

दोडका आणला की शिरा काढून फेकू नका. त्या धुऊन, बारीक चिरून तव्यावर परता. त्यात तीळ, शेंगदाणे, मिरची आणि मीठ घालून चटणी करा. दुधीच्या सालीचीही अशीच होते. मुळ्याचा पाला भाजीला चालतो. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात चालतात. मात्र हल्ली भाजीवर औषधे फवारतात. म्हणून साल खायची तर दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. लोणी कढवल्यावर तळाला बेरी राहते. तीवर भाकरी पुसून पोरांना द्या, मिटक्या मारत खातील. शिळी भाकरी कडक झाली, तर कुस्करून फोडणीला टाका, नाहीतर ताकात भिजवा. त्यातूनही जे उरेल, ते म्हशीला घाला. म्हशीलाही चालणार नाही, ते उकिरड्यावर टाका. उकिरड्यातून त्याचे खत होऊन ते पुन्हा शेतात येते.

जळणाचेही तसेच आहे. चूल असो की गॅस, पाणी एकदा खळाखळा उकळले की ते आणखी तापत नाही. जाळ कितीही मोठा केला, तरी त्याची नुसती वाफ होते. म्हणून उकळी आली की जाळ बारीक करावा. भांड्यावर झाकण ठेवावे. ज्योत भांड्याच्या बाहेर आली, तर ती भांड्याला तापवत नाही, वाऱ्याला तापवते. डाळ अर्धा तास आधी भिजत घाला. हरभरा, चवळी रात्रभर भिजवा. भिजलेले कडधान्य लवकर शिजते. सिलिंडर चार दिवस जास्त टिकला, तर वर्षाचे किती दिवस वाचले? ते तुम्हीच मोजा.

धान्य साठवण्याची विद्या तर सांगलीकरांच्या अंगची. इथून जवळ, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात, तिथे हरिपूर आहे. हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. पेव म्हणजे जमिनीतले कोठार. निबर, पाणी न पाझरणारी माती बघून खोल खड्डा घ्यायचे. आत पाचट आणि चटया लावायचे. हळद भरून तोंड मातीने गच्च बंद करायचे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षे टिकायची. पेव उघडले तरी माणूस लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला, तर आत श्वास घ्यायला हवा नाही असे समजत. पुढे २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ती विद्या मागे पडली. पण तिचे मर्म आजही खरे आहे. धान्य कडक उन्हात वाळवा. गार होऊ द्या. मग घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिंपात काठोकाठ भरा. ओल आणि हवा या दोन चोरांना आत येऊ देऊ नका. वाळलेला कडुनिंबाचा पालाही घाला. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात वापरू नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

आता इतर वस्तू बघू.

साबणाची वडी पाण्यात बसली की विरघळून जाते. भोकांच्या डबीत ठेवली, तर निथळते आणि जास्त दिवस पुरते. शेवटचा पापुद्रा नव्या वडीला ओला करून चिकटवा. जुन्या लुगड्याधोतराची वाकळ आपल्याकडे शिवतातच. वाकळीसारखी ऊब विकत मिळत नाही. फाटक्या विजारीच्या पायांच्या दोन पिशव्या होतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. बाजाराला जाताना घरची पिशवी नेली, तर दुकानात पिशवीचे पैसे पडत नाहीत, आणि ओढ्यात प्लास्टिकही अडकत नाही.

नळ ठिबकत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. दर सेकंदाला एक थेंब पडला, तर दिवसाला चार लिटरांच्या वर पाणी जाते. महिन्याला सव्वाशे लिटरांच्या वर. नळाचे वायसर बदलायला फार पैसे लागत नाहीत. दिव्याचे गणित असेच आहे. जुना ६० वॉटचा दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज जाळतो. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटही जाळत नाही. इथे आधी चार पैसे जास्त टाकावे लागतात, पण ते परत येतात. म्हणजे कधी कधी खर्च करणे हीसुद्धा काटकसर असते.

संत गाडगेबाबांना आठवा. अंगात चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि गाडगे. स्वतःसाठी एवढेच पुरे. पण लोकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आपल्यावरचा खर्च कमी करावा तो असा, चांगल्या कामाला पैसा उरावा म्हणून.

आता कान देऊन ऐका. काटकसर कुठे करू नये, हे आम्ही सांगतो. वाचवलेले चार पैसे अंगाशी येतात, अशी ठिकाणे आहेत.

पहिले, फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. डबा चांगला दिसतो. कोणी तो धुऊन त्यात पाणी, रॉकेल, तेल भरतात. असे कधी करू नका. कितीही धुतले तरी विष राहते. त्या डब्याला भोके पाडा, म्हणजे तो दुसरा कोणी वापरणार नाही.

दुसरे, बुरशी आलेल्या शेंगा आणि धान्य. त्या बुरशीचे विष यकृत बिघडवते. ते भाजून-शिजवून जात नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत आपल्या जिल्ह्यात किती घरांत धान्य भिजले, ते तुम्ही पाहिले आहे. भिजून बुरसलेले धान्य टाकताना जीव तुटतो. पण दवाखान्याचा खर्च त्या पोत्यापेक्षा मोठा असतो.

तिसरे, उन्हाळ्यातला शिळा भात. सकाळचा भात दिवसभर उघडा राहिला, तर रात्री तो खाऊ नये. त्यापेक्षा भात मोजूनच शिजवावा. अन्न उरू न देणे ही उरलेले संपवण्यापेक्षा मोठी काटकसर.

चौथे सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ते पुरुषमंडळींनी नीट ऐकावे. आपल्या घरात काटकसर होते, पण ती कोणाच्या पोटावर होते? सगळे जेवून उठले की घरची बाई बसते. ताजी भाकरी संपलेली असते. कालवण तळाला गेलेले असते. मग ती म्हणते, "मला काय, शिळं चालतं." टाकायचे नाही म्हणून उरलेसुरले ती संपवते, आणि त्यालाच आपण संसार नेटका चालला असे म्हणतो! २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघरी आरोग्याची पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. याला कारणे अनेक आहेत. पण पोटभर, ताजे, पालेभाजी-कडधान्याचे जेवण न मिळणे हे त्यातले एक आहे. म्हणून शिळी भाकरी उरली, तर ती सगळ्यांच्या ताटांत थोडी थोडी वाढा. सगळे एकत्र जेवायला बसा. बाईच्या पोटातून काढलेली मूठ ही बचत नव्हे. ते कर्ज आहे. ते तिच्या अंगावर चढते आणि पुढे पोराबाळांना फेडावे लागते.

आता शेवटचे. ते तुम्हाला आताच करता येईल, कारण तुम्ही लिहू-वाचू लागला आहात.

आजवर उधारीची वही दुकानदाराकडे असे. तो लिहील ते खरे, तो सांगेल तेवढे देणे. आता तुम्ही स्वतःची वही करा. पोराच्या जुन्या वहीची कोरी पाने फाडून शिवलीत तरी चालेल. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात रुपये. रात्री निजण्याआधी दिवसाचा खर्च लिहा. चहा, साखर, तेल, काडेपेटी, तंबाखू, सगळे लिहा. लाजू नका, लपवू नका. महिन्याच्या शेवटी बेरीज करा आणि नवरा-बायकोने मिळून ती वाचा. कुठे गळती आहे, ते वही आपणच दाखवील. रोजचे १० रुपये वाचले, तर वर्षाचे ३६५० होतात. तेवढ्यात पोरीच्या वह्या-पुस्तकांची सोय होते, किंवा सावकाराच्या दारी जाण्याची एक वेळ टळते.

आणि दुकानदाराने महिन्याची वही पुढे केली, की तुम्ही तुमची वही काढा. दोन्ही शेजारी ठेवा. रकाना रकाना ताडून बघा. भांडायचे कारण नाही. ज्याचा हिशोब ज्याच्या हाताने लिहिलेला असतो, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

उद्या वर्गाला येताना पहिले पान लिहून आणा.