आजारी माणूस आणि गावाचे काम

(छत्रपती संभाजीनगर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



गावात श्रमदान ठरले की धडधाकट माणसांची यादी होते. आजारी माणसाचे नाव मात्र मदत घेणाऱ्यांत जाते. ही विभागणी योग्य आहे काय, हा प्रश्न आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ १९५१ मध्ये बाबा आमटे व साधनाताई यांनी सहा कुष्ठरुग्णांसह आनंदवनाचा आरंभ केला. जमीन खडकाळ, पाण्याचा पत्ता नाही. रुग्णांनी बाबांबरोबर विहीर खणली, भाजीपाला पिकविला. परंतु तो विकत घेण्यास लोक कचरत. १९५४ मध्ये देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, बांधकामावर राबले, रुग्णांनी पिकविलेले अन्न जेवले. ते पाहून लोकांची भीती ओसरू लागली. पुढे १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या उभारणीत आनंदवनवासीयांचे श्रम होते. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांनी गावाच्या मुलांकरिता शिक्षणाचे दार उघडले!

खुद्द बाबांना मणक्याच्या विकाराने ग्रासले. त्यांना बसता येत नसे. उभे राहावे अथवा आडवे व्हावे. तरीही १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर हे 'भारत जोडो' अभियान त्यांनी पार पाडले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते.

हे केवळ एका असामान्य पुरुषाचे धैर्य नव्हे. येथे काम माणसाच्या शक्तीनुसार बेतले गेले, हे त्यातील मर्म होय. आपल्या पैठण, कन्नड वा वैजापूर तालुक्यांतील गावांतही हे साध्य आहे. ज्याला कुदळ पेलत नाही, त्याने पर्जन्यमापकाची नोंद ठेवावी, रोपवाटिका सांभाळावी, सायंकाळी मुलांचा अभ्यास घ्यावा. कुष्ठरोगाने हाताची संवेदना गेली असेल, तर अवजाराच्या दांड्याला कापड गुंडाळावे व काम संपल्यावर हातपाय तपासून पाहावेत. हा रोग आज सहा ते बारा महिन्यांच्या औषधोपचाराने बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते.

मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. कोणते काम झेपेल, हे रुग्णाने व त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. औषधाची वेळ कामासाठी चुकू नये. ज्या दिवशी त्याला थांबावेसे वाटेल, त्या दिवशी कोणी त्याला बोल लावू नये. विश्रांतीची मुभा नसेल, तर सेवेची सक्ती होते.

पुढील ग्रामसभेत श्रमदानाची यादी कराल, तेव्हा घरी पडून असलेल्या माणसाकडेही जा. "तुम्हांला काय हवे?" हे विचाराच, पण त्याबरोबर "तुम्ही गावासाठी काय कराल?" हेही आदराने विचारा. हा दुसरा प्रश्न त्याला फार दिवसांत कोणी विचारलेला नसेल.