बैठक पक्की असावी

एखाद्याची बैठक पक्की आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या विचारांना भक्कम आधार आहे असे आपल्याला सुचवायचे असते. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत मात्र हा वाक्प्रचार अक्षरशः घ्यावा लागतो. श्रोतेहो, हौसेने बदलून घेतलेले आसन सैल होऊ नये आणि चोरीलाही जाऊ नये, यासाठी काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाचे माहेर म्हणजे चेन्नई. १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडमधील रेडिचच्या रॉयल एनफील्ड कंपनीशी भागीदारी केली आणि शहराच्या उत्तरेस, समुद्रालगतच्या तिरुवोट्टियूरला ‘बुलेट’ घडू लागली. पुढे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला. बुलेटचा वंश मात्र चेन्नईत वाढत राहिला. तिच्या जुन्या ३४६ सी.सी. इंजिनात एकच सिलिंडर. त्यातील दट्ट्या दर खेपेस ९० मिलिमीटर धावतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागले, की गाडीच्या सांगाड्याला सेकंदाला ५० हिसके बसतात. ज्या धडधडीवर रसिक लुब्ध होतात, तीच नट-बोल्टांची वैरीण असते.

कारखान्यातून आलेले आसन त्याच सांगाड्याच्या मापाने बनवलेले असते. बाजारातून आणलेले आसन पुष्कळदा अनेक गाड्यांना जमेल अशा बेताने केलेले असते. त्याची छिद्रे लांबट असतात, पट्टी नीट टेकत नाही, आणि उरलेली फट मेस्त्री रबराच्या तुकड्याने भागवतो. सारा घोटाळा इथेच होतो.

बोल्ट आवळला म्हणजे तो किंचित ताणला जातो, आणि तो ताणच दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. मध्ये रबर असले तर ते दबते आणि ताण ओसरतो. मग तुकडे आडवे सरकू लागतात. प्रत्येक सरकण्याबरोबर आट्यांतील पकड क्षणभर सुटते, आणि कोणीही हात न लावता नट उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. अशा आडव्या हादऱ्यांपुढे आपला नेहमीचा स्प्रिंग वॉशर फारसा टिकाव धरत नाही, हेही अशा चाचण्यांत आढळले.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे फट लोखंडी पट्टीने भरून काढणे. दुसरा, नायलॉनचे कडे बसवलेला नट वापरणे. तो एकदा काढला की पुन्हा नवा घालावा, कारण कड्याची पकड कमी होत जाते. किंवा आट्यांत घट्ट होणारा द्रव लावावा. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की तो गोठतो. १९५३ साली व्हर्नन क्रीबल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तो शोधून काढला. त्यातला मध्यम जातीचाच घ्यावा. अतिकडक जातीला उघडताना आच द्यावी लागते, आणि तेही पेट्रोलच्या टाकीशेजारी! शेवटी नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला असे समजावे. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी अशा खाऱ्या वाऱ्याच्या गावी गंजही पाहावा, कारण गंजलेला नट घट्ट भासला तरी आतून झिजलेला असू शकतो.

आता चोराकडे वळू. वरचे सर्व उपाय हादऱ्याला अडवतात, पान्याला अडवीत नाहीत. म्हणून कित्येक जण सगळेच बोल्ट कायमचे जखडून टाकतात. पण पुष्कळ गाड्यांत आसनाखाली बॅटरी आणि फ्यूज असतात. आडरस्त्यावर गाडी बंद पडली, तर मालकच स्वतःच्या गाडीपुढे चोरासारखा झटू लागतो.

येथे एक साधा न्याय ध्यानी घ्यावा. सैलपणापासून राखायचे तर प्रत्येक नट पक्का हवा. चोरीपासून राखायचे तर एकच पुरतो. सारे बोल्ट निघाल्यावाचून आसन हाती येत नाही, म्हणून शेवटचा एक अडला तरी काम भागते. तो एकच बोल्ट षट्कोनी खाचेचा घ्यावा आणि खाचेत बेअरिंगचा छर्रा ठोकून बसवावा. किंवा रबरी नळीत ओवलेला पोलादी दोर आसनाच्या लोखंडी सांगाड्यातून चेसिसला गुंफून त्याला कुलूप घालावे; तो चाकात किंवा साखळीत जाणार नाही, एवढे पाहावे. यामुळे चोर हरतोच असे नाही, पण त्याचा वेळ जातो, आणि भर रस्त्यावर वेळ हीच त्याची मोठी अडचण असते.

शेवटी गिऱ्हाइकाचे कर्तव्य. चेन्नईचे पुदुपेट जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, आणि प्रत्येक मोठ्या शहरात असा एक बाजार असतोच. तेथे प्रामाणिक व्यापारी पोट भरतात. मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला भाग पुन्हा उपयोगी पडतो, ही चांगलीच गोष्ट. तरीही पावती मागावी. चोरीचा माल आहे असे मानण्यास जागा असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा गुन्हा आहे; भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. पावती न मागता स्वस्तात घेतलेल्या प्रत्येक आसनाने रस्त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा नट सैल होत असतो, आणि ती गाडी उद्या आपलीही असू शकते.