हुकूम त्यांचा, जोखीम आपली

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे आहे, ज्वारीच्या खरेदीवर बोलायचे आहे, पीकविम्यावर बोलायचे आहे. त्याच्या आधी एक विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. कोरोनाच्या साथीत आपल्या पोरांना कॉलेजात परत पाठवायचे की घरी ठेवायचे, हा पेच घरोघर पडला होता. त्याचा हिशेब आपण कधी मांडलाच नाही. काहीजण म्हणाले, झाले गेले गंगेला मिळाले, आता कशाला उकरता? आणि हा विषय मास्तर लोकांचा, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला?

आमचे उत्तर साधे आहे. ज्या पोराला शेतीच्या खड्ड्यातून बाहेर काढायला आपण शेतीतलाच शेवटचा रुपया घालतो, त्याच्या शिक्षणाचा प्रश्न हमीभावाइतकाच शेतकऱ्याचा आहे. आणि दुसरे असे की पाऊस पडला की दुष्काळाचा हिशेब कोणी करत नाही, म्हणून पुढच्या दुष्काळात आपण पुन्हा तिथेच असतो. साथीचेही तसेच आहे. साथ पुन्हा येणार नाही असे कोणताही डॉक्टर लिहून देणार नाही.

तीनदा बंद, तीनदा चालू

आधी काय काय झाले ते आठवू या. १३ मार्च २०२० ला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला. कॉलेजे बंद झाली, वसतिगृहे रिकामी करायला सांगितली. पोरे अंगावरच्या कपड्यांनिशी गावी आली. वह्या-पुस्तके खोलीतच राहिली आणि खोलीचे भाडे चालू राहिले.

मग वाद झाला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा. राज्य सरकार म्हणाले, परीक्षा नको. राज्यपाल, म्हणजे विद्यापीठांचे कुलपती, म्हणाले, परीक्षा हवीच. ६ जुलै २०२० ला दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने फर्मान काढले की सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्टला निकाल लागला: साथीमुळे राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल, पण परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. शेवटी ऑक्टोबरात बहुतेकांनी घरी बसून मोबाइलवर परीक्षा दिली. घरी म्हणजे कुठे? जिथे रेंज मिळेल त्या टेकाडावर, बांधावरच्या लिंबाखाली.

१५ फेब्रुवारी २०२१ ला कॉलेजे निम्म्या हजेरीने उघडली. महिना उलटतो न उलटतो तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलपे लागली. २० ऑक्टोबर २०२१ ला दोन डोस घेतलेल्यांसाठी दारे उघडली. जानेवारी २०२२ मध्ये ती परत बंद झाली आणि १ फेब्रुवारीपासून परत उघडली. तीनदा बंद, तीनदा चालू. या सहाही वेळा जिरायत पट्ट्यातल्या बापाला कोणी विचारले नाही की बाबा, तुझे काय म्हणणे आहे? त्याला फक्त तारीख कळवली गेली, तीही टीव्हीवरून.

बाप कशाला भीत होता?

शहरातले लोक म्हणत, खेड्यातले पालक अडाणी, उगाच घाबरतात. तरण्या पोरांना काही होत नाही. हे आपल्यालाही कळत होते. आपल्या लोकांची भीती वेगळी होती आणि तिला हिशेब होता.

पोरगा नाशिकला खोलीवर राहतो आणि शनिवारी घरी येतो. घरात दोन खोल्या. एका खोलीत म्हातारी, तिला दमा. पोराला नुसती कणकण येईल, पण म्हातारीचे काय? तिला प्राणवायू लागला तर तो तालुक्याच्या गावाला, आणि तिथे खाट नसेल तर पुन्हा नाशिकलाच. मालेगावच्या लोकांनी २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत साथ काय असते ते दारात पाहिले होते. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण गेले. ज्या शहरात पोराला पाठवायचे, तेच हे शहर. मग ज्या बापाने पोराची पिशवी भरता भरता पुन्हा रिकामी केली, त्याला अडाणी कोणी म्हणावे?

ज्याने पोराला पाठवले तोही चुकला असे आम्ही म्हणत नाही. त्याची भीती दुसरी होती. वर्ष गेले तर पोरगा हातचा जाईल. सहा महिने बैलामागे किंवा एमआयडीसीत हेल्पर म्हणून राहिलेला पोरगा परत वहीला हात लावत नाही, हे आपण पाहिलेले आहे. पाठवावे तर म्हातारी जाईल, ठेवावे तर पोरगा जाईल. असा तो पेच होता.

तुम्ही धूळपेरणी करता. पाऊस यायच्या आधी कोरड्यात सरकी टोबता. कृषी विद्यापीठे सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. शिक्षणाने आम्ही कृषी पदवीधर, आम्हीही तुम्हाला हेच सांगत आलो. तरी तुम्ही पेरता, कारण हंगाम मागे पडला तर बोंड धरायच्या वेळी ओल राहत नाही. तो जुगार खरा, पण तो तुमचा तुम्ही ठरवून खेळता. आणि बी वाया गेले तर दुबार पेरता येते. पोराची दुबार पेरणी होत नाही.

एकराचा हिशेब

आता पैशाचे बघू. २०२० मध्ये टाळेबंदीने सरकारी कापूस खरेदी थांबली, नंतर रखडत चालू झाली. जून उजाडला तरी कित्येकांच्या घरात कापूस पडून होता, त्यावरच पोरे झोपत होती. पुढच्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ५,८२५ रुपये क्विंटल, संकरित ज्वारीला २,६२० रुपये. कोरडवाहू एकरात कापूस चार क्विंटल धरा. होतात २३,३०० रुपये. त्यातून बी, खत, फवारणी, निंदणी, वेचणी वजा करा, काय उरते ते तुम्हीच सांगा. ज्वारी चार क्विंटल धरली तर १०,४८० रुपये. घरी बसून शिकायला पोराला जो मोबाइल लागतो, तो साधा घेतला तरी एकरभर ज्वारी त्यात गेली. दोन पोरे शिकत असली तर दोन एकर. आणि तोही हमीभाव मिळाला तर!

इकडे कॉलेजात पाय ठेवला नाही तरी फी भरायची, खोली बंद तरी भाडे द्यायचे. आमच्या माहितीतल्या एका घरी तर ज्या महिन्यांत वसतिगृहाला कुलूप होते, त्या महिन्यांचे जेवणाचेही पैसे मागितले गेले. शाळांच्या फीत १५ टक्के कपात करण्याचा आदेश सरकारने १२ ऑगस्ट २०२१ ला काढला. तो शाळांपुरता होता.

दोन डोसांचे गणित

ऑक्टोबर २०२१ चा हुकूम कागदावर अगदी शहाणपणाचा दिसत होता. दोन डोस घ्या आणि वर्गात या. आता गणित करा. १८ वर्षांवरच्यांना लस १ मे २०२१ पासून, पण राज्यात साठा नाही म्हणून १२ मे पासून ती थांबवली. परत चालू झाली २२ जूनला. कोविशील्डच्या दोन डोसांत अंतर ८४ दिवसांचे. म्हणजे ज्याला पहिल्याच दिवशी सुई मिळाली, त्याचा दुसरा डोस सप्टेंबरच्या मध्यात. आणि ज्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात लस ऑगस्टअखेर पोचली, त्याचा दुसरा डोस नोव्हेंबरअखेर. कॉलेज उघडले २० ऑक्टोबरला. ज्याच्या गावात लस उशिरा आली, तोच वर्गाबाहेर. चूक कोणाची आणि गैरहजेरी कोणाची!

त्यातच ऑक्टोबर संपता संपता एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. एसटी कामगारांच्या पगाराचे दुखणे खरे होते, त्यांच्याशी आपले भांडण नाही. पण नांदगाव-येवल्याच्या खेड्यातला पोरगा सवलतीच्या पासावर कॉलेजला जातो. एका खात्याने कॉलेज उघडले तेव्हा दुसऱ्या खात्याची गाडी उभी होती. वडापच्या जीपमध्ये रोज एवढे पैसे घालून जाणार कोण? आणि तीत दहा माणसे कोंबलेली असताना अंतर राखायचे ते कसे?

कायदा काय म्हणतो?

साथरोगाचा हा कायदा १८९७ चा आहे. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी इंग्रजाने केलेला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा होता. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते हुकूम काढायचा अधिकार दिला. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की होणारा खर्च, आणि नुकसानभरपाई द्यायची असेल तर तीही, कोणी आणि कशी सोसायची हे सरकारने ठरवावे. चौथे कलम सांगते, चांगल्या हेतूने हुकूम बजावणाऱ्यावर दावा करता येणार नाही.

म्हणजे भरपाईचा विचार इंग्रजाच्याही कागदावर होता. आपल्या सरकारने हुकमाचा अधिकार पोटभर वापरला, चौथ्या कलमाचे संरक्षण अंगावर घेतले. खोलीभाडे, वाया गेलेली फी, बुडालेले वर्ष यांचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न मात्र मधल्या मध्ये राहिला. तो आपण सोसला. निर्यातबंदीचा हुकूम निघाला की भाव आपला पडतो. कॉलेज उघडायचा-मिटवायचा हुकूम निघाला की पोरगा आपला अडतो. दोन्हीकडे कायदा एकच: हुकूम त्यांचा, जोखीम आपली.

वर अपमान तो वेगळा. जुलै २०२० मध्ये कृषी पदवीच्या काही गुणपत्रिकांवर ‘प्रमोटेड, कोविड-१९’ असा शेरा छापून आला. ओरड झाली, तेव्हाचे कृषिमंत्री दादाजी भुसे आपल्या मालेगावचे, त्यांना त्यात लक्ष घालावे लागले. ज्या पोरांनी त्याच वर्षी आपापल्या गावात राहून कृषिदूत म्हणून बांधावर काम केले, त्यांच्या कपाळावर हा शिक्का!

आपले कुठे चुकले?

सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ, तर ही बैठक कशाला? आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे.

पोराला परत पाठवायचे की नाही यावर घरात चार दिवस वाद झाला. पोरीला परत पाठवायचे की नाही यावर बहुतेक घरांत वादच झाला नाही. कॉलेज बंद, पोरगी घरी, लग्न पन्नास माणसांत उरकते, खर्च वाचतो. उरकले. याच जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखोंच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या होत्या. त्यांच्या नाती २०२१ मध्ये वही मिटवून बोहल्यावर चढल्या आणि आपण त्या लग्नात जेवून आलो. जुलै २०२४ मध्ये सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींची पूर्ण फी माफ केली. चांगले केले. पण साथीत घरी बसवलेल्या मुलीच्या कडेवर तोवर लेकरू आले होते.

आणि आम्ही? चळवळ म्हणून आम्ही त्या दोन वर्षांत कापूस खरेदीची निवेदने दिली, वीजबिलाची दिली, कांद्याची दिली. पोरांच्या परतण्याबद्दल एकही निवेदन आमच्या हातून गेले नाही. एका बैठकीत एका बापाने विचारले होते, “साहेब, पोराला धाडू का नको?” आम्ही म्हणालो, तुमचे तुम्ही ठरवा. त्याला सल्ला हवा होता, सोबत हवी होती. आम्ही हात झटकले. ती चूक आम्ही आज तुमच्यासमोर कबूल करतो.

आता काय करायचे?

ठरावासाठी आम्ही चार गोष्टी मांडतो.

पहिली, साथीत कॉलेज उघडायची तारीख ठरेल त्याच तारखेला एसटी, वसतिगृह आणि खाणावळ चालू झाली पाहिजे. यातले एक बंद असेल तर गैरहजेरी मांडायची नाही.

दुसरी, लशीची किंवा तपासणीची अट घालायची तर आधी ती गावच्या आरोग्य केंद्रात पोचवा, मग अट घाला.

तिसरी, जी सेवा दिली नाही तिचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि घरात म्हातारे-आजारी माणूस आहे म्हणून जो पालक पोराला ठेवून घेईल, त्याच्या पोराचे वर्ष आणि जागा राखली पाहिजे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात विकास समिती आहे, तीत स्थानिक सभासद घेण्याची तरतूद आहे. त्या खुर्चीवर कोरडवाहू गावातला एखादा पालक का बसू नये?

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपण करायची. साथीत ज्यांचे शिक्षण सुटले त्यांची नावे प्रत्येक गावात लिहून काढा. मुलींची आधी लिहा, सासरी गेलेल्यांचीही लिहा. सुटलेले शिक्षण पुढे नेता यावे म्हणून १९८९ साली निघालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ याच नाशिकला आहे. घर, शेत, लेकरू सांभाळून तिथे पदवी घेता येते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान एका मुलीचा भरलेला प्रवेशअर्ज आणावा. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी फॉर्म भरून द्यायला बसावे, आम्हीही बसू.

दुबार पेरणी होत नाही असे आम्ही मघाशी म्हणालो. पण खरिपात उगवले नाही म्हणून तुम्ही रान पडीक टाकत नाही. ओल असेल तर रब्बीची ज्वारी टाकता. या पोरींच्या मनात ओल अजून आहे, आम्ही विचारून पाहिले आहे. तुम्ही घरी जाऊन विचारा.