संशोधनाला सोबत लागते



दोन प्रांतांतील किंवा दोन देशांतील विद्यापीठे मिळून संशोधन करणार, अशा बातम्या आपण वाचतो. कुलगुरू करारावर सह्या करतात, छायाचित्र छापून येते. परंतु नुसत्या सह्यांनी संशोधन होत नाही. ते माणसांच्या भेटीगाठींतून होते. आणि त्यासाठी प्रवासखर्च, राहण्याची सोय व रजा यांची व्यवस्था कोणीतरी करावी लागते.

प्रा. अब्दुस सलाम यांचे उदाहरण घ्या. केंब्रिजचे शिक्षण संपवून १९५१ साली ते लाहोरला अध्यापक म्हणून परतले. तेथे त्यांच्या विषयात बरोबरीने चर्चा करणारे कोणी नव्हते. मायदेश की विज्ञान, असा पेच पडला आणि १९५४ मध्ये ते पुन्हा केंब्रिजला गेले. असा पेच इतरांवर येऊ नये, या तळमळीने त्यांनी १९६४ साली इटलीतील ट्रिएस्ट येथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. विकसनशील देशांतील प्राध्यापकांनी तेथे काही काळ येऊन काम करावे आणि पुन्हा आपल्या विद्यापीठात परतावे, ही त्यामागची योजना. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु हे केंद्रही तितक्याच मोलाचे आहे.

आपल्या पुण्यातही असे कार्य झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली खगोलशास्त्रासाठी 'आयुका' हे आंतर-विद्यापीठ केंद्र स्थापन केले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक. लहान गावच्या महाविद्यालयातील प्राध्यापकालाही तेथील ग्रंथालय, संगणक व दुर्बीण यांचा उपयोग करता यावा, हा त्याचा हेतू.

कधी कधी तर अंतर हेच बळ ठरते. २०१५ साली गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या गेल्या, त्या अमेरिकेत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर असलेल्या दोन यंत्रांनी. त्या शोधनिबंधावर एक हजाराहून अधिक शास्त्रज्ञांची नावे आहेत. त्यांत भारतीयही आहेत. लहर आकाशात कोठून आली हे अधिक अचूक कळण्यासाठी आणखी दूरवर यंत्र हवे. म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यात तसे यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली.

मात्र एक पथ्य आहे. मोठ्या विद्यापीठाने विचार करायचा आणि लहानाने नुसती माहिती गोळा करून द्यायची, असे झाले तर सहकार्य टिकत नाही. श्रेय कामाप्रमाणे वाटले गेले पाहिजे.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी परगावच्या शिबिराला, परिषदेला जायचे म्हणते, तेव्हा खर्चाची आणि सुरक्षिततेची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. त्याची चौकशी जरूर करा. पण केवळ मुलगी आहे म्हणून नकार देऊ नका. आपल्या संस्थेनेही दरवर्षी निदान चार विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद करावी, अशी माझी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मातृभाषा जपा, इंग्रजीत चार ओळी नीट लिहायला शिका, प्रयोगाच्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवा. अनोळखी प्राध्यापकांना पत्र लिहून शंका विचारण्यास संकोचू नका. दहांपैकी एकाचे उत्तर आले तरी तुमचे काम सुरू झाले असे समजा.