नवा शिक्षक आणि परदेशातील शाळा

बी.एड. पूर्ण केलेल्या रायपूरच्या तरुण-तरुणींनी परदेशात अध्यापनाची नोकरी शोधायची ठरवली की समोरची शाळा तीन गोष्टी विचारते: कोणता विषय शिकवता, किती वर्षे शिकवले आहे आणि कागदपत्रे कुणाच्या नावावर आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची कल्पना बहुतेकांना असते. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि हातातोंडाशी आलेली नोकरी तिथेच अडकते.

रायपुरात शंकरनगरचे शासकीय शिक्षण महाविद्यालय आहे आणि बी.एड.ची खासगी महाविद्यालयेही आहेत. येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ सालचे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले. ही पदवी मुळात माध्यमिक स्तरासाठी आहे, याची जाणीव ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने करून दिली. प्राथमिक शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असे त्या निकालात ठरले. त्याच्या परिणामी छत्तीसगडमध्ये सुमारे २,९०० सहायक शिक्षकांच्या सेवा संपल्या. नवा रायपूरच्या तूता येथील धरणे-स्थळी त्यांचे आंदोलन थंडीच्या दिवसांत चालले, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांपैकी बहुतेकांना विज्ञान-प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकपदी सामावून घेण्याचा निर्णय घेतला. परदेशातल्या शाळाही पदवीकडे याच नजरेने पाहतात. बी.एड. म्हणजे सहावी ते बारावीतला एखादा विषय शिकवण्याची पात्रता. प्राथमिक अध्यापनाची पदविका असलेल्या, पण पदवी नसलेल्या डी.एल.एड.धारकाला बहुतेक देशांत शिक्षक म्हणून कामाचा परवानाच मिळत नाही.

भारतीय शिक्षक परदेशी जाणे नवे नाही. १९५० ते १९७०च्या दशकांत सम्राट हैले सेलासी यांच्या इथिओपियाने माध्यमिक शाळांसाठी भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक नेले. खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांतून भारतीय पदवीधर गणित आणि विज्ञान शिकवत होते. सरकारने थेट भरती करावी, घर द्यावे, तिकीट काढावे, अशी ती व्यवस्था होती. १९७४च्या क्रांतीनंतर तिथला काळ पालटला. आज असा सरकारी मार्ग फार अरुंद आहे. शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील ‘एडसिल’ ही कंपनी भूतान सरकारसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक या विषयांच्या शिक्षकांची निवड करते. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथे केंद्रीय विद्यालये आहेत, पण तिथल्या नेमणुका केंद्रीय विद्यालयांच्या सेवेत आधीच असलेल्या शिक्षकांतूनच होतात. नव्या माणसाला आधी देशातल्या केंद्रीय विद्यालयात निवड मिळवावी लागते.

मराठी शिकवण्यासाठी परदेशी जाता येईल का, हा प्रश्न मराठी घरांत हमखास निघतो. मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते आणि १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही होते, पण तिथले शिक्षक तिथल्याच मराठी समाजातून येतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखालच्या शाळा शनिवार-रविवारी भरतात आणि त्या स्वयंसेवकांवर चालतात. हे काम मोलाचे आहे, परंतु त्यावर व्हिसा मिळत नाही.

नोकऱ्या खऱ्या अर्थाने आहेत त्या आखाती देशांतल्या शाळांत. सीबीएसईशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य आखातातच. बहारीनची इंडियन स्कूल १९५० सालची, दुबईची इंडियन हायस्कूल १९६१ सालची. रायपूरच्या शिक्षकाला हा अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धती दोन्ही ओळखीच्या असतात, म्हणून पहिले पाऊल इथे टाकणे शहाणपणाचे. याच शहरांतल्या ब्रिटिश आणि अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळा पगार बराच जास्त देतात, पण त्या देशांतली शिक्षकपात्रता असलेल्यांना पसंती देतात. इंग्रजी विषयाच्या शिक्षकाला विशेष अडचण येते. चीनसह काही देश इंग्रजी शिकवण्याचा परवाना इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांपुरता राखतात. याउलट गणित, भौतिकशास्त्र आणि संगणक शिकवणाऱ्याला मातृभाषा कोणती, हे फारसे कुणी विचारत नाही. एम.एस्सी. आणि बी.एड. अशी जोडी असलेल्या उमेदवाराचे पारडे सर्वत्र जड असते.

अडते ते अनुभवापाशी. आखातातल्या जाहिरातींत दोन वर्षांची अट सर्रास असते. अमेरिकेच्या जे-१ शिक्षक-विनिमय व्हिसालाही दोन वर्षांचा अध्यापन-अनुभव लागतो, आणि त्या व्हिसाची मुदत मूळ तीन वर्षांची. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना ‘क्यूटीएस’ या पात्रतेसाठी थेट आणि विनाशुल्क अर्ज करू दिला. तो ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा आधुनिक परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरता, आणि तिथेही निदान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव हवाच. म्हणून नव्याने उत्तीर्ण झालेल्याने पहिली दोन वर्षे गावातच शिकवावे, हाच खरा मार्ग आहे. ही वर्षे वाया गेली असे मानणारे पुष्कळ भेटतात. खरे तर पुढची नोकरी याच वर्षांत घडते. आखाताचा विचार असेल तर सीबीएसई शाळा निवडावी, कारण तिथला अनुभव जसाच्या तसा मोजला जातो. रायपुरात मराठी समाजाच्या शाळाही आहेत. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ संत ज्ञानेश्वर विद्यालय चालवते. शाळा कोणतीही असो, नेमणूकपत्र लेखी घ्यावे आणि पगार बँकेतून घ्यावा. रोखीने पगार देणाऱ्या शाळेतला अनुभव सिद्ध करता येत नाही. अनुभवपत्रात रुजू झाल्याची तारीख, विषय, इयत्ता आणि पूर्णवेळ असा उल्लेख हवा. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्याच वाक्याचे पत्र निरुपयोगी ठरते.

बी.एड.मधला सराव-अध्यापनाचा कागदही तितकाच महत्त्वाचा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांचा शालेय सराव असतो. ऑस्ट्रेलियाची पात्रता-मूल्यांकन संस्था किमान ४५ दिवसांचे देखरेखीखालील सराव-अध्यापन मागते, पण विद्यापीठाच्या मार्कशीटवर ‘इंटर्नशिप’ या शब्दापुढे केवळ गुण असतात. किती दिवस, कोणत्या शाळेत, कोणत्या वयाच्या मुलांना, हे महाविद्यालयाच्या पत्रावर प्राचार्यांच्या सहीने लिहून घ्यावे लागते. हे पत्र महाविद्यालय सोडतानाच घ्यावे. पाच वर्षांनी त्या वेळची हजेरीवही सापडेलच असे नाही. त्याच संस्थेची इंग्रजीची अटही कडक आहे: आयईएल्टीएस ॲकॅडेमिकमध्ये वाचन आणि लेखनात ७, श्रवण आणि संभाषणात ८. संभाषणातला ८ हा गुण नियमित सरावाशिवाय पडत नाही, त्यामुळे परीक्षेची तयारी या दोन वर्षांतच सुरू करणे बरे.

आता कागदांवरचे नाव. मराठी कुटुंबांत नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. रायपुरात दहावीच्या मार्कशीटवर विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव वेगवेगळ्या ओळींत छापलेले असते. पासपोर्टवर मात्र नाव आणि आडनाव अशा दोन चौकटी असतात आणि अर्ज भरणारा कधी वडिलांचे नाव पहिल्या चौकटीत घालतो, कधी गाळतो. मुलीचे लग्न झाले की मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. पदवी माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, आधारकार्डावर तिसरेच रूप, असा प्रकार अनेक घरांत आढळतो. परदेशी दूतावासाच्या खिडकीवरल्या माणसाला ही तीन नावे म्हणजे तीन बायका वाटतात. पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वी दहावीच्या मार्कशीटवरचे नाव प्रमाण धरावे, आणि नाव बदललेलेच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला इतर कागदांसोबत प्रमाणित करून ठेवावा.

साक्षांकनाचा क्रम ठरलेला आहे. आधी राज्य शासनाच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून पदवीची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सदस्य देशांत एकच शिक्का पुरेसा मानणाऱ्या अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, ब्रिटन अशा सदस्य देशांसाठी मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत करारात नाहीत. त्यांच्यासाठी त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो आणि वेळ वाढतो. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो आणि रायपुरात पासपोर्ट कार्यालय असल्याने त्यासाठी बाहेरगावी जावे लागत नाही. नोकरी हाती आल्यावर ही धावपळ सुरू केली तर शाळेचे सत्र निघून जाते. आखातातल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये उघडतात, म्हणून त्यांची निवड हिवाळ्यात होते. सप्टेंबरमध्ये उघडणाऱ्या शाळा जानेवारीपासून उमेदवार पाहू लागतात.

दलालांबाबत कायदा स्पष्ट आहे. १९८३च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे सरकारी नोंदणी हवी, आणि ती ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत दलालालाही ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च नोकरदाराकडून वसूल करणेच निषिद्ध आहे. जो दलाल लाखांची भाषा बोलतो आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, नोकरीचा व्हिसा तिथे होईल’ असे सांगतो, त्याच्या दारातून परत फिरावे. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा असते आणि त्याची शिक्षा शिक्षकाला भोगावी लागते.

करार हाती आला की मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवले आहेत का, हे पाहावे. अमिरातीत सेवा संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार उपदान म्हणून मिळतो, तो मूळ पगारावर. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवला असेल तर हे उपदानही घटते. घरभाडे, वर्षाचे विमानतिकीट आणि आरोग्यविमा कोण देणार, हे लेखी हवे. परिवीक्षेचा काळ अमिरातीत सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. नोकरी सोडून परतताना त्या शाळेचे अनुभवपत्र तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि भारतीय दूतावासाकडून प्रमाणित करून आणावे. हे काम तिथे असतानाच सोपे असते.